बायकोला आठवड्याचं टिर्झेपटाइड इंजेक्शन लिहून दिलंय, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बसतं का?

गेवराईकर (बजाजनगर, वाळूज)

नमस्कार मंडळी. मी मूळ गेवराई तालुक्यातला, सध्या वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. विषय घरच्या आजारपणाचा आहे म्हणून नाव लिहीत नाही.

बायकोचं वय 38, उंची 160 सेंटिमीटर, वजन 96 किलो. शुगर निघून तीन वर्षं झाली. दोन गोळ्या चालू आहेत तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 9 च्या खाली यायला तयार नाही. गुडघे आतापासून बोलायलेत. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी टिर्झेपटाइड लिहून दिलं, त्यानं शुगर अन् वजन दोन्ही उतरतं म्हणे. आठवड्याला एक टोचायचं, पहिला महिना 2.5 मिलिग्रॅम, मग 5. मेडिकलवाल्यानं आकडा सांगितला अन् मी चिठ्ठी घडी करून परत खिशात घातली.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, पाच लाखांचा, बायको-पोरं धरून. एचआरला विचारलं तर एका ओळीत उत्तर आलं, ‘वेट लॉस कव्हर होत नाही.’ अहो पण डॉक्टरांनी शुगरसाठी लिहिलंय की! ओळखीतला एकजण म्हणायला, एक दिवस ॲडमिट दाखवू, इंजेक्शन बिलात बसवून देऊ, तुम्ही फक्त कार्ड घेऊन या. दुसरा म्हणतो ओपीडीवाली वेगळी पॉलिसी काढ. बायको म्हणायली राहू द्या, तेवढ्यात पोराची फी निघते. मला राहू द्यायचं नाही. काय करावं?

बालाघाट_वारा

वजनाचं काही मिळत नसतं भाऊ. सकाळी उठून चालायला सांगा, भात बंद करा, आपोआप उतरतंय.

काउंटरवाली ताई (लातूर)

वरच्या भाऊंनी तीन वर्षांची शुगर अन् 9 चा आकडा वाचलेला दिसत नाही. असो.

गेवराईकर दादा, मी लातूरला एका हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर बरीच वर्षं बसले. क्लेमचे कागद टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी संस्था) पाठवणं, त्यांच्या क्वेऱ्यांना उत्तरं देणं अन् नातेवाइकांच्या शिव्या खाणं, तिन्ही कामं माझ्याकडं होती. तुमच्या एचआरचा नकार बरोबर आहे, कारण मात्र अर्धवट सांगितलं.

साधा मेडिक्लेम हा मुळात ॲडमिट होण्याचा विमा. चोवीस तास हॉस्पिटलात, नाहीतर डे-केअरच्या (त्याच दिवशी घरी सोडण्याच्या) यादीतली प्रोसिजर, तेव्हा त्याचं दार उघडतं. घरी बसून टोचायचं औषध ओपीडीत, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारात मोडतं. माझ्या काउंटरवर लोक वर्षभराची इन्सुलिनची बिलं पिशवीत भरून आणायचे, त्यांनाही मी हेच सांगायचे. इन्सुलिन तर कुणी हौसेनं बारीक व्हायला घेत नाही ना? म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर शुगर लिहिलं काय अन् वजन लिहिलं काय, ओपीडी कव्हर नसेल तर पहिल्या दारातच गाडी अडते.

वजनाचं कलम त्याच्या पुढचं. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना अपवादांची, म्हणजे काय मिळणार नाही त्याची, एकसारखी भाषा ठरवून दिली आहे. त्यात लठ्ठपणाचा कोड ‘एक्सक्ल 06’, तुमच्या पुस्तिकेतही तो सापडेल. नीट वाचा, गंमत आहे. ते कलम ऑपरेशनबद्दल बोलतं. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारी टाइप 2 शुगर असेल, वय 18 पूर्ण असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल, कमी त्रासाचे उपाय करूनही वजन उतरलं नसेल, तर बॅरिएट्रिक सर्जरी (वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन) त्या अपवादातून बाहेर पडते. वहिनींचा बीएमआय मी काढला, 37.5 येतो. म्हणजे काही लाखांचं पोटाचं ऑपरेशन केलं तर तुमची पॉलिसी निदान फाईल उघडून बघेल, अन् ते ऑपरेशन टळावं म्हणून घ्यायच्या इंजेक्शनला हात लावणार नाही! मी हे साहेब लोकांपुढं बोललेय, सगळे हसतात. ऑपरेशन करा असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर अन् वहिनी ठरवतील. पण एचआरला लेखी विचारून ठेवा, ग्रुप पॉलिसीत त्यावर वेटिंग (ठरावीक काळ थांबायची अट) किंवा रकमेची मर्यादा आहे का.

आता ते ‘ॲडमिट दाखवू’. अजिबात नको. टीपीए फक्त बिल बघत नाही. ॲडमिशनच्या वेळची लक्षणं, दर काही तासांचं बीपी-शुगर, नर्सचा चार्ट, कोणतं औषध कोणत्या वेळी दिलं, सगळं मागवतो. आठवड्याला एकदा टोचायच्या औषधासाठी बाई रात्रभर का झोपवून ठेवली, हा प्रश्न टेबलावरचा नवा पोरगासुद्धा विचारतो. शंका आली की चौकशीवाला घरी येतो, शेजारच्यांनाही विचारतो. सापडलं तर क्लेम जातो, कव्हर जातं, अन् ग्रुप पॉलिसी असल्यानं पत्र थेट तुमच्या कंपनीत पोचतं. ते ओळखीचे गृहस्थ तेव्हा फोन उचलणार नाहीत. शिवाय वहिनींच्या नावावर न झालेला आजार कायमचा चिकटतो, पुढं स्वतःची पॉलिसी काढताना तोच कागद आडवा येतो.

खरीखुरी ॲडमिशन झाली तर गोष्ट वेगळी. शुगर फार वाढून दाखल करावं लागलं, तर बऱ्याच पॉलिसींत आधीचे 30 अन् नंतरचे 60 दिवस त्याच आजाराची औषधं धरतात. डिस्चार्ज कार्डावर हे इंजेक्शन लिहिलेलं असेल तर त्या काळापुरतं मागता येतं. देव करो अन् ती वेळ न येवो.

तुम्ही सध्या एवढं करा. एचआरकडून कार्ड नको, पूर्ण पॉलिसी वर्डिंग (सगळ्या कलमांचा मजकूर) मागा. त्यात ‘ओपीडी’ अशी वेगळी ओळ आहे का बघा, काही मोठ्या कंपन्या कामगारांसाठी ती घेतात. ‘डोमिसिलिअरी’ शब्द दिसला तर लगेच खूष होऊ नका. त्याचा अर्थ रोगी हलवण्याजोगा नाही किंवा बेड मिळत नाही म्हणून घरीच केलेला हॉस्पिटलसारखा उपचार, अन् त्यातून मधुमेह वगळलेला मी कितीतरी पॉलिसींत पाहिलाय.

नव्या पॉलिसीचं म्हणाल तर फॉर्मवर शुगर, वजन, गोळ्या सगळं खरं लिहा. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त 36 महिने थांबवता येतं, एप्रिल 2024 पासूनचा नियम आहे. आधी ही मर्यादा 48 होती. कंपनी वजन बघून हप्ता वाढवूनही मागेल. ओपीडीची वार्षिक मर्यादा दहा हजार असेल तर हे औषध एक महिनाही निघत नाही, आणि त्यासाठी जादा हप्ता भरायचा. इंजेक्शनसाठी म्हणून पॉलिसी काढू नका. नोकरी सुटली की ग्रुप कव्हर संपतं, त्यासाठी म्हणून काढत असाल तर मात्र आजच काढा. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय.

परभणीचा मेडिकलवाला

ताईंनी विम्याचं सांगितलं, मी दुकानाचं सांगतो. टिर्झेपटाइड मार्च 2025 मध्ये मौंजारो नावानं इथं आलं तेव्हा 2.5 ची एक व्हायल (छोटी बाटली) 3,500 अन् 5 ची 4,375 रुपये होती. महिन्याला चार लागतात, म्हणजे 14,000 अन् मग 17,500. त्याच सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, त्यामुळं जुना भाव कुणी लावला तर विचारा.

डॉक्टरांना एक नक्की विचारा, सेमाग्लुटाइड चालेल का? औषध वेगळं आहे, पण शुगरवर तेही देतात. त्याच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, नंतर देशी कंपन्यांना बनवायची मोकळीक. टिर्झेपटाइडला तो दिवस यायला बरीच वर्षं आहेत. मात्र मनानं बदलू नका, डोसचा हिशेब एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

अन् कुणी व्हॉट्सॲपवर स्वस्तात ‘पावडर’ देतो म्हणालं तर नंबर ब्लॉक करा. हे 2 ते 8 अंशात ठेवायचं औषध आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर अन् लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मी बर्फाच्या पाकिटासकट डबी दिल्याशिवाय गिऱ्हाईक सोडत नाही. डबी बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, गोठलं की फेकायचं. बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या.

झेडपी गुरुजी (नांदेड)

आम्हा सरकारी लोकांना विमा नाही, वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे. तिथंही 27 आकस्मिक अन् 5 गंभीर आजारांची यादी, जिल्हा शल्य चिकित्सकांची सही, मग फाईल शिक्षण विभागात मुक्कामाला. दर महिन्याच्या शुगरच्या औषधाचं मी कुणाचं मंजूर झालेलं पाहिलं नाही. महात्मा फुले योजनेतही दाखल रुग्णांची पॅकेजेस आहेत, हे त्यात येत नाही. तेव्हा तुमचं वाईट अन् आमचं बरं असं समजू नका.

गेवराईकर (बजाजनगर, वाळूज)

ताई, लई उपकार. त्या ॲडमिटवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तर तो माझ्यावरच रुसला! एचआरनं वर्डिंग पाठवलं. त्यात ओपीडी आहे, पण ‘चार हजारांपर्यंत, फक्त कन्सल्टेशन आणि डायग्नॉस्टिक्स’ असं लिहिलंय. औषधाचा शब्दच नाही. मग डॉक्टरांची फी अन् दर तीन महिन्याला एचबीएवनसी करतो, ते तरी निघेल का? अन् नाही दिलं तर कुणाकडं जायचं?

काउंटरवाली ताई (लातूर)

निघेल. फीची पावती छापील, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासकट घ्या. लॅबच्या बिलासोबत तपासणी लिहून दिलेली चिठ्ठी अन् रिपोर्ट जोडा. बिल वहिनींच्याच नावाचं पाहिजे, कार्डावर नाव जसं आहे तसंच. लग्नाआधीचं नाव एकीकडं अन् नंतरचं दुसरीकडं, यावरून अडलेले क्लेम मी खूप पाहिलेत.

नाकारलं तर कलमासकट लेखी नकार मागा. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकता येतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी त्यांचं ऑफिस पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज चालतो, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत करा. इंजेक्शनसाठी मात्र तिकडं जाऊ नका, वर्डिंगमध्ये औषध नाही म्हटल्यावर लोकपालही देऊ शकत नाहीत.

त्यापेक्षा पॉलिसीच्या रिन्युअलआधी युनियनवाल्यांना गाठा. ग्रुप पॉलिसीच्या अटी तुमची कंपनी अन् विमा कंपनी बसून ठरवतात. ओपीडीच्या ओळीत ‘मेडिसिन’ हा शब्द घाला म्हणून चाळीस-पन्नास सह्यांचा अर्ज द्या. शुगर-बीपीवाले तुमच्या शॉपफ्लोअरवर तेवढे सहज निघतील.