कॅरमवर काटकोन चालत नाही

स्ट्रायकर स्थिर सोंगटीला धडकल्यावर दोघांच्या वाटांमधला कोन किती, या प्रश्नाच्या एका उत्तरात तो ९० अंश धरलाय, तिथेच घोळ आहे. तो नियम सारख्या वस्तुमानांच्या स्थितिस्थापक टकरीचा (म्हणजे जिच्यात गतिज ऊर्जा वाया जात नाही), तोही एक वस्तू स्थिर असताना. इथे स्ट्रायकर १५ ग्रॅम, सोंगटी ५ ग्रॅम.

स्ट्रायकर २ मी/से वेगाने आला, सोंगटी त्या दिशेशी ४५ अंशांत २.१२ मी/से ने सुटली, म्हणजे तिच्या वेगाचे सरळ (क्ष) आणि आडवा (य) हे दोन्ही घटक १.५. एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) धडकेआधी आणि नंतर सारखाच, म्हणून क्ष दिशेत ३० = १५व + ७.५, व म्हणजे स्ट्रायकरचा धडकेनंतरचा क्ष वेग, म्हणून व = १.५. य दिशेत आधीचा संवेग शून्य, त्यामुळे स्ट्रायकरला ०.५, पण उलट बाजूला. (हे उणे चिन्ह बहुतेक जण खातात.) स्ट्रायकर १८.४ अंश वळला, मधला कोन ६३.४. गतिज ऊर्जेचा ताळाही जमतो, करून बघा. या वजनांना धडकेत स्ट्रायकर १९.५ अंशांपलीकडे वळूच शकत नाही, कसाही मारा!