अनुभव धागा : गाडीचा बिघाड घरच्या घरी शोधलात का कधी? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

अजिंक्यताऱ्याखाली

आज सकाळी साडेसहाला चावी फिरवली तर नुसतं टक्. परत टक्. लेकीला कऱ्हाडला परीक्षेला सोडायचं होतं. तिनं लगेच फोन काढला, "आई, गॅरेजवाल्या काकांना लावू का?" तोवर माझा हात बोनेटवर गेला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं भुकटीसारखं साचलेलं. किटलीतलं गरम पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, दहाचा पाना. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. वरून व्हॅसलीनचं बोट. सेल्फ पहिल्या झटक्याला लागला आणि सातच्या आत आम्ही रस्त्याला.

उंब्रज येईपर्यंत मी गप्पच होते. दादा आठवत होते, म्हणजे माझे वडील.

आमच्याकडं प्रीमियर पद्मिनी गाडी होती, साय रंगाची, हँडलजवळच्या गिअरची. रविवारी सकाळी दादा अंगणात स्टूल टाकून बसायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग मला ऐकवायचे. "हे टिकटिक वरनं येतंय ना, हे टॅपेट, व्हॉल्व्ह उघडणारा भाग. खालनं धडधड आली असती तर पोटातलं दुखणं." मी नऊ वर्षांची होते. "वेणी पंख्यापासनं लांब ठेव!" हे प्रत्येक वेळी ओरडायचे.

१९८८ च्या मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. तेव्हा बोगदा नव्हता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मागं ट्रकांची रांग, आई घाबरलेली. दादांनी माझी पाण्याची बाटली घेतली, उपरणं भिजवलं आणि इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर नि नळीवर गुंडाळलं. म्हणाले, पेट्रोलची वाफ झालीय, पंपाला वाफ ढकलता येत नाही, तिला गार होऊ दे. पंधरा मिनिटं आम्ही कठड्याच्या सावलीत बसलो. मग गाडी सुरू झाली. मला तेव्हा तो चमत्कार वाटला होता.

दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा. स्वतः शोधलेले, चुकलेले, कुणाकडून शिकलेले, सगळे.

गोडोलीकर

वेणी लांब ठेव. इथंच थांबलो ताई. पुढचं वाचायला वेळ लागला.

कृष्णाकाठ

२०१९ चा सांगलीचा महापूर. पाणी उतरल्यावर गल्लीत शिरलो तेव्हा गाडीच्या सीटवर चिखलाचा थर आणि आत मेलेला मासा. शेजारच्यांनी त्यांच्या गाडीला चावी मारून बघितली. एकच आवाज आला, ठक्, आणि इंजिन जाम. मी पण मारणारच होतो. किर्लोस्करवाडीच्या मामांचा फोन आला, पहिलं वाक्य, "चावीला हात लावायचा नाही."

त्यांनी फोनवर समजावलं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो. शेजाऱ्यांचं तेच झालं होतं. मी बॅटरी काढली, एअर फिल्टर काढला, चारी स्पार्क प्लग काढले. ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना घालून हातानं इंजिन फिरवलं, तर प्लगच्या भोकातून पिचकाऱ्या. पोरं टाळ्या वाजवत होती. गल्लीत आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

ऑइल तीनदा बदललं, गिअरचं पण. पाचव्या दिवशी सुरू झाली. वायरिंगचे कप्लिंग, म्हणजे जोड, एकेक उघडून पुसत बसलो दोन महिने. पण इंजिन वाचलं. आता कृष्णेवरच्या इर्विन पुलाला पाणी ४० फूट झालं की धोक्याच्या ४५ ची वाट बघत नाही, गाडी मिरजेला मेव्हण्याकडं.

विश्रामबागची

माफ करा, अनुभव नाही, अडचण आहे. गाडी तीन सिलिंडरची पेट्रोल. उभी असताना थरथरते, चढाला ओढत नाही, पिवळा इंजिनचा दिवा लागलाय. एका ठिकाणी दाखवली, म्हणाले तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) बदला. खर्च ऐकून परत आणली. घरी काही कळेल का?

पाना नंबर दहा

@विश्रामबागची दिवा नुसता लागलाय का लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर चालवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लागते. स्थिर असेल तर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर आणा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा, सांगलीत नाहीतर ऑनलाइन मिळतो. डॅशखाली, स्टिअरिंगजवळ सॉकेट असतं. कोड वाचून इथं टाका. कोड न वाचता काहीही बदलू नका.

मिरज जंक्शन

थर्मोस्टॅटची गोष्ट सांगतो, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप. गाडी बायपासला पण गरम व्हायला लागली. फॅन फिरतोय, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) भरलेलं, होजपाइप वरचा तापलेला आणि खालचा गार. म्हणजे पाणी फिरतच नाही. थर्मोस्टॅट काढला आणि स्वयंपाकघरात नेला. पातेल्यात दोऱ्यानं टांगला, गॅस लावला, सासूबाईंचा ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही म्हणून लेकाच्या शाळेच्या प्रयोगाचा आणला. ८२ ला उघडायला पाहिजे, वरच छापलेलं असतं. पाणी खळखळ उकळलं तरी मिटलेला. नवा आणून तोही टांगला, तो ८२ च्या पुढं हळूहळू उघडला, कळी उमलावी तसा. घरातली पाचही माणसं गॅसभोवती उभी होती.

पातेलं नवीन आणून दिलं, हे पण सांगतो.

आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडू नका. माझ्या चुलत्याच्या छातीवर अजून डाग आहे.

ज्येष्ठमधची आई

पातेलं नवीन आणलं ते बरं केलंत. कूलंट गोडसर असतं पण विष आहे, मांजर-कुत्र्यांनाही. सांडलं तर लगेच धुवा.

वाईवाली

हाताचं ग्रीस कसं काढता सगळे? आमचे हे रॉकेल वापरायचे, कातडी सोलायची. मी खोबरेल तेल आणि साखर चोळायला देते, मग साबण. नखातलं पण निघतं.

गोडोलीकर

@वाईवाली साखर-तेलाचं आजच करतो. बायकोच्या वतीनं आभार.

रान आणि रस्ता

वाळवा तालुका. आमच्याकडं ऊस तुटून गेला की उंदरांना घर राहत नाही, ते बोनेटमध्ये येतात. इंजिन गरम असतं ना. डिसेंबरात दोनदा वायर कुरतडल्या. पहिल्या वेळी लाइट गेला, सोपं होतं. दुसऱ्या वेळी गाडी सुरू होऊन बंद व्हायची. तीन दिवस शोधलं. शेवटी रात्री टॉर्च घेऊन वायरचा जुडगा बोटांनी चाचपत गेलो, डोळ्यांनी नाही, बोटांनी. एका ठिकाणी बोट खरखरलं. बाहेरनं आवरण अर्धवट होतं, आत तांबं तुटलेलं.

नुसती पिळून टेप लावू नका भावांनो. डाख द्या, वर उष्णतेनं आकसणारी नळी घाला. टेप उन्हाळ्यात वितळती आणि परत तेच. आता बोनेटमध्ये तंबाखूची पानं फडक्यात बांधून ठेवतो, दर पंधरा दिवसांनी बदलतो. आणि रात्री बोनेट उघडं ठेवतो, उंदराला उजेड नि वारा आवडत नाही.

कुपवाड शिफ्ट

डांबरगोळ्या टाकल्या होत्या, एसीतनं वास घरभर. तंबाखू बरी.

घाटमाथा

सगळं घरी करा, ब्रेक सोडून. माझं हे ठाम मत आहे आणि कारण पसरणीचा घाट.

पाचगणीहून वाईला उतरत होतो, आई-बाबा मागं. तिसऱ्या गिअरमध्ये सारखा ब्रेक दाबत आलो. हॅरिसन फॉलीचा पॉइंट बघून सगळे खुशीत. चौथ्या-पाचव्या वळणाला पेडल गेलं खाली, स्पंजासारखं. गिअर दुसऱ्यात टाकला, पेडल पंप करत राहिलो, हँडब्रेक हळूहळू ओढला, डोंगराच्या बाजूला लावली. चाकांना हात लावता येत नव्हता.

नंतर कळलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. मी ते सहा वर्षं बदललं नव्हतं. चूक माझीच. आता दर दोन वर्षांनी, आणि घाट उतरताना ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं.

पाना नंबर दहा

@घाटमाथा पॅड बघणं, ऑइलची पातळी बघणं घरी करायलाच पाहिजे, नाहीतर कळणारच नाही कधी बदलायचं. पण ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढणं, शिकल्याशिवाय नको, हे मान्य. आणि जॅकवर गाडी असताना खाली शिरू नका. स्टँड लावा. विटा नको, वीट फुटते. आमच्या गल्लीतला एक मुलगा वाचला तो फक्त स्टेपनी आडवी सरकवून ठेवली होती म्हणून.

कृष्णाकाठ

विटांचं शंभर टक्के. पूर आला तेव्हा गाड्या विटांवर चढवलेल्या बघितल्यात, पाण्यानं वीट मऊ होते आणि बसते.

साय रंग

पद्मिनीचा मागचा लाल दिवा, डाव्या बाजूचा, काच शाबूत असलेला कुणाकडं आहे का? वडिलांची गाडी उभी करतोय. इंजिन झालं, रंग झाला, फक्त हा दिवा राहिलाय.

अजिंक्यताऱ्याखाली

@साय रंग आमच्या माळ्यावर दादांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन दिवे होते, नक्की. रविवारी चढून बघते. निघाला तर पैसे नकोत, गाडी सुरू झाली की आवाज ऐकवा फक्त.

साय रंग

ताई, कंदी पेढे घेऊन येतो.

विश्रामबागची

कोड आला. पी ०३०१. सायंकाळी भाच्यानं स्कॅनर आणला. दिवा स्थिरच आहे.

पाना नंबर दहा

छान. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पेट्रोल नीट पेटत नाही. आता इंजिन गार होऊ द्या, चावी काढा. एक नंबरची कॉइल काढून दोनवर लावा, दोनची एकवर. दहाचा बोल्ट असेल, कप्लिंगची चिमटी दाबून काढा, ओढू नका. कोड पुसा आणि चालवा. कोड ०३०२ झाला तर कॉइल खराब, कारण दोष कॉइलबरोबर गेला. ०३०१ च राहिला तर मग तसंच प्लग अदलाबदल करा, नंतर इंजेक्टर. प्लग काढलाच तर रंग बघा. फिकट तपकिरी चांगला, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त.

मिरज जंक्शन

हे अदलाबदलीचं काम सगळ्यात भारी. एक रुपया लागत नाही आणि गाडी स्वतःच सांगते.

रान आणि रस्ता

माझा आजोबा बैलाच्या बाबतीत हेच करायचा. बैल लंगडला की जोडी बदलून बघायचा, जूं टोचतंय का खूर दुखतोय.

कुपवाड शिफ्ट

कुणाची बॅटरी एका रात्रीत उतरते का? आमची उतरायची. मल्टिमीटर मायनसच्या वायरीत घालून करंट बघितला, गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे, आमचा ४०० च्या वर. एकेक फ्यूज काढत गेलो. डिकीच्या दिव्याचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन खाली. डिकी मिटली तरी दिवा आत जळत होता, बंद डिकीत कोण बघणार! बटण बदललं, चाळीस रुपये. त्याआधी बॅटरी नवी घेतली होती. ती घेण्याआधी हे केलं असतं तर.

ज्येष्ठमधची आई

आमच्या घरी मी करते सगळं, नवरा पाने हातात देतो. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. हे दोन आकडे मी फ्रिजवर लिहून ठेवलेत, दुधाच्या हिशेबाशेजारी.

विश्रामबागची

०३०२!!! झाला!!! ०३०२!

म्हणजे कॉइलच ना? एकच?

पाना नंबर दहा

एकच. नंबर बघून तीच घ्या, आणि लावताना रबरी टोपी नीट बसली का बघा. दोन मिनिटं सुरू ठेवून थरथर गेली का सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली

वाचताना मी मोठ्यानं "अरे वा" म्हटलं, लेक आतून पळत आली.

संध्याकाळी तिनं विचारलं, आजोबा नक्की कुठं टेकवायचे? लांब स्क्रू ड्रायव्हर दिला हातात. इंजिन चालू केलं. तिचे केस मोकळे होते, मी ओरडलेच. तिनं अंबाडा घातला, टोक व्हॉल्व्हच्या झाकणावर टेकवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, हे टिकटिक वरनं येतंय."

विश्रामबागची

थरथर गेली. परवा बसवली, आज तासगावपर्यंत जाऊन आले. आता अजून एक विचारू का, एसी लावला की पुढच्या डाव्या सीटखाली पाणी येतं, कूलंट नाही, साधं पाणी.

मिरज जंक्शन

एसीची ड्रेन नळी तुंबलीय. गाडीखाली डाव्या बाजूला बघा, पाणी ठिबकत नसेल तर तीच. हलक्या हातानं तार घाला, नाहीतर खालून हवा मारा. पायपुसणं उन्हात टाका, नाहीतर वास येईल.