सार्वजनिक प्रसारण संस्थेत समान संधीचं काम नेमकं कुठून सुरू करायचं?

पहाटेचं_बुलेटिन:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी झालीये पण प्लीज पूर्ण वाचा. मी एका सार्वजनिक प्रसारण संस्थेत न्यूजरूममध्ये प्रोड्युसर आहे, सकाळचं बुलेटिन माझ्याकडे असतं. आमच्याकडे समान संधी आणि विविधतेसाठी कमिटी नेमलीये, त्यात माझंही नाव आहे. पहिल्या मीटिंगमध्ये ठरलं काय तर ट्रेनिंगचा एक दिवस ठेवायचा, पोस्टर लावायची आणि वार्षिक अहवालात भरतीचे आकडे द्यायचे. यात वाईट काहीच नाही, पण यानं रोजच्या कामात काय फरक पडणार तेच मला कळत नाहीये.

मला काय दिसतं ते सांगते. आमच्या मजल्यावर बायका भरपूर आहेत. पण शिफ्टचा चार्ट उघडला की रात्रीच्या आणि पहाटेच्या शिफ्टला बहुतेक सगळी कॉन्ट्रॅक्टवरची मंडळी, त्यात बायका आणि अल्पसंख्य समाजातल्या घरांमधून आलेली तरुण पोरं जास्त, आणि हेडलाइन कुठली आणि कुठली बातमी टाकायचीच नाही हे ज्या मीटिंगमध्ये ठरतं तिथे वर्षानुवर्षं तीच एकसारखी माणसं. पाहुण्यांचंही तसंच. डेस्कवर नंबरांची एक शेअर्ड शीट आहे, अर्थव्यवस्थेवर कोण बोलणार, आरोग्यावर कोण, कायद्यावर कोण. पहाटे घाई असते, त्यामुळे जो तो वरच्या दोन-तीन नंबरांनाच फोन लावतो, कारण ते हमखास उचलतात आणि नव्वद सेकंदात मुद्दा मांडून मोकळे होतात. ते सगळे पुरुष आणि सगळे एकाच प्रकारच्या वर्तुळातले.

आपण लोकांच्या पैशावर चालतो, सगळ्यांच्या, म्हणून मला हे जास्त लागतं. कुणी असं काम प्रत्यक्षात केलंय का? सुरुवात कुठून करू? आणि ‘हा सगळा कोटा आहे’ असं सहकारी म्हणाले तर काय सांगायचं?

स्टुडिओ_तीन:
शीटपासून सुरू करा, मी मनापासून सांगतोय. तुमच्या हातात आज जी गोष्ट आहे ती तीच, बाकी सगळ्याला वरून सही लागते.

बीबीसीचा फिफ्टी-फिफ्टी प्रकल्प ऐकला असेल. तो एचआरनं काढलेला नव्हता. २०१७ मध्ये रॉस अ‍ॅटकिन्स या अँकरनं आपल्या ‘आउटसाइड सोर्स’ या कार्यक्रमाच्या टीमपुरता तो सुरू केला. रोजचा कार्यक्रम संपला की टीमनंच दोन मिनिटांत मोजायचं, आज पडद्यावर किती बायका, किती पुरुष. सुरुवातीला बायका ३९ टक्के होत्या, चारेक महिन्यांत निम्म्यावर आल्या. त्यासाठी ना जास्तीचा पैसा लागला ना कुणावर सक्ती झाली. मग दुसऱ्या टीम बघून बघून आपणहून आल्या, पुढे बीबीसीबाहेरच्या संस्थाही आल्या, आणि नंतर त्यात वांशिक पार्श्वभूमी आणि अपंगत्व हेही मोजायला लागले.

यातली खरी मेख काय मोजायचं यात आहे. जे आपल्या हातात आहे तेवढंच मोजायचं. म्हणजे अँकर, रिपोर्टर, तज्ज्ञ, पॅनेलवरचे पाहुणे. पंतप्रधानांनी भाषण केलं तर ते दाखवावंच लागणार, पंतप्रधान पुरुष आहे की बाई हे आपण ठरवत नाही, म्हणून ते मोजणीत धरायचंच नाही. या एका नियमानं निम्मी भांडणं संपतात, कारण नाहीतर पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं की बातम्याच तशा होत्या, आम्ही काय करणार. आणि दुसरा नियम असा की पाहुणा निवडताना दर्जात तडजोड नाही, सगळ्यात चांगला माणूसच घ्यायचा, फक्त शोधायचं जरा लांबपर्यंत.

पण एक सांगतो, नवे नंबर शोधायला शांत वेळ लागतो, तो पहाटेच्या शिफ्टमध्ये मिळत नाही. दुपारच्या एखाद्या माणसाला आठवड्यातून काही तास फक्त याच कामाला द्या, नव्या तज्ज्ञांना आधी फोन करून पाच मिनिटं बोलून बघा, शक्य असेल तर स्टुडिओ दाखवा. बऱ्याच हुशार बायका लाइव्हला पहिल्यांदा नाही म्हणतात. आपण तिथेच सोडून देतो आणि शीटवरच्या वरच्या नंबराकडे वळतो. दुसऱ्यांदा विचारलं पाहिजे.

जुना_निवेदक:
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी निवेदनात बरीच वर्षं काढली. आमच्या वेळी आवाजाची चाचणी असायची, उच्चार तपासायचे, जो पास होईल तो आत. त्यात जात, धर्म, बाई, पुरुष काही बघितलं जायचं नाही. आता जर आपण माणूस कुठून आला हे आधी बघायला लागलो तर ऐकणाऱ्याला मिळणाऱ्या दर्जाचं काय? सार्वजनिक संस्थेची किंमत तिच्या दर्जामुळेच आहे, आणि तो गेला तर आपल्याला कुणी वाचवणार नाही. नव्या मुलांना संधी मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही, पण निकष पातळ करू नका एवढंच.

ध्वनी_संकलन:
@जुना_निवेदक सर, तुमची दर्जाबद्दलची कळकळ खरीये आणि मला ती मान्य आहे. पण चाचणीत ‘चांगला आवाज’ म्हणजे काय हे कोण ठरवत होतं तेही बघायला हवं ना.

बीबीसीनं १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं, त्यांचा यॉर्कशायरचा हेल स्पष्ट कळायचा, तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. माणूस उत्तम होता, नंतर रेडिओवर प्रचंड लोकप्रियही झाला, पण बातम्यांचा आवाज म्हणजे एकाच वर्गाचा आवाज अशी कानांना सवय झाली होती. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओवर सुझन स्टॅमबर्ग १९७२ मध्ये रोजच्या राष्ट्रीय बातमीपत्राच्या अँकर झाल्या, तिथे असं काम करणारी ती पहिली बाई, आणि तेव्हा काही स्टेशन मॅनेजरांचं म्हणणं होतं की बाईच्या आवाजात अधिकार वाटत नाही. त्यांच्या बॉसनं, बिल सिमरिंगनं, हे त्यांच्या कानावरच येऊ दिलं नाही, त्यांना काम करू दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वरच्या माणसानं असं मध्ये उभं राहणं ट्रेनिंगच्या दहा दिवसांपेक्षा जास्त कामाचं आहे.

आणि नियमच आडवे होते तेही विसरून चालणार नाही. बीबीसीमध्ये १९३२ ते १९४४ लग्न झालेल्या बायकांना नोकरीवर ठेवण्यावर बंधन होतं, काही मोजक्या जणींना सूट मिळायची. आता त्या काळात बायकांनी वरच्या पदांसाठी अर्जच केले नाहीत असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देणार? दर्जा तपासा, जरूर तपासा, पण आधी लिहून काढा की या कामाला नेमकं काय लागतं. स्पष्ट उच्चार लागतात, मान्य. अमुक एका घरातला हेल लागतो का? नाही लागत.

जुना_निवेदक:
स्पष्ट उच्चार आणि हेल या दोन गोष्टी वेगळ्या, हे पटलं. निकष आधी लिहून काढणार असाल तर माझा विरोध नाही. चाचणी घ्यायला नव्या लोकांबरोबर मलाही बसवा, मी आनंदानं येईन.

कंट्रोलरूम_वाली:
मी पगाराबद्दल बोलते कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही आणि सगळं तिथेच अडतं.

बीबीसीला २०१७ च्या जुलैमध्ये दीड लाख पौंडांच्या वर मानधन घेणाऱ्या चेहऱ्यांची यादी जाहीर करावी लागली. त्यात साधारण दोन तृतीयांश पुरुष, आणि सगळ्यात वरचे सातही पुरुष. त्यानंतर २०१८ च्या जानेवारीत कॅरी ग्रेसी यांनी बीबीसीच्या चीनविषयक संपादकपदाचा राजीनामा दिला, कारण त्याच दर्जाच्या परदेशातल्या पुरुष संपादकांना त्यांच्यापेक्षा बराच जास्त पगार होता. बीबीसीनं नंतर माफी मागितली, थकबाकी दिली, ती सगळी रक्कम त्यांनी समान वेतनासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. मग बीबीसीच्या निवेदिका समीरा अहमद यांचा समान वेतनाचा खटला, २०२० मध्ये निकाल. त्यांना ‘न्यूजवॉच’च्या एका भागाचे ४४० पौंड आणि जेरेमी व्हाइनना ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’च्या एका भागाचे ३००० पौंड. दोन्ही कार्यक्रम पंधराएक मिनिटांचे, दोन्हीत प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया. संस्थेचं म्हणणं की ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ मनोरंजनाचा, त्याला वेगळी शैली लागते. ट्रिब्युनलनं ते मानलं नाही, कारण या फरकामागे लिंग सोडून दुसरं कारण आहे हे संस्थेला सिद्ध करता आलं नाही.

यातून मी शिकले ते एवढंच की मानधन ठरवताना कारण त्याच दिवशी कागदावर लिहा. दहा वर्षांनी कारण शोधायला बसलात तर सापडत नाही.

आणि दोन गोष्टींची गल्लत करू नका, कमिटीत हमखास होते. एकाच कामाला बाई-पुरुषाला वेगळा पैसा हा एक प्रश्न. सगळ्या बायकांचा आणि सगळ्या पुरुषांचा मधला पगार, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, वेगळा निघणं हा दुसरा. दुसरा फरक मोठा निघाला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ बायका खालच्या पदांवर अडकल्यात असा असतो. दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

तुम्ही म्हणालात बायका भरपूर आहेत, त्यावरून आठवलं. एनपीआरच्या सुरुवातीच्या काळात बायका ठळकपणे पुढे आल्या त्याचं एक कारण त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच सांगितलंय, पगार इतका कमी होता की पुरुष यायलाच तयार नव्हते. म्हणून नुसती डोकी मोजू नका, कोण कॉन्ट्रॅक्टवर, कोण कायम, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट किती वेळा तसंच रिन्यू झालं आणि रात्रपाळी कुणाच्या वाट्याला किती, हे मोजा. तुमचा शिफ्टचा चार्ट हाच तुमचा सगळ्यात खरा अहवाल आहे, तो आधीच तयार आहे, कुणाची परवानगी लागत नाही.

ब्रेल_आणि_बूम:
मी अंध आहे, ऑडिओ एडिट करतो आणि अधूनमधून कार्यक्रमही करतो. अपंगत्वाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितोय.

स्टुडिओत माइक लाइव्ह झाला की लाल दिवा लागतो. मला तो दिसत नाही. माझ्यासाठी इंजिनिअरनं हेडफोनमध्ये एक बारीक टिक द्यायची सोय केली, कामाला फार वेळही लागला नाही, पण ते कुणीतरी मला विचारल्यावर झालं, आणि विचारेपर्यंत माझ्याबद्दल ठरून गेलं होतं की लाइव्ह याला जमणार नाही. दुसरं म्हणजे न्यूजरूमचं सॉफ्टवेअर. नवं घेतलं, दिसायला सुंदर, पण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यातली बटणं वाचताच येत नव्हती. खरेदी झाल्यावर तक्रार करून काही होत नाही, टेंडरमध्येच अट टाकावी लागते. म्हणून तुमच्या कमिटीत खरेदी विभागाचा एक माणूस घ्या, प्लीज. मला वाटतं यानं जितका फरक पडेल तितका दुसऱ्या कशानं पडणार नाही.

पीटर व्हाइट जन्मापासून अंध आहेत, बीबीसी रेडिओवर त्यांनी १९७४ पासून दशकानुदशकं ‘इन टच’ हा कार्यक्रम केला, स्क्रिप्ट ब्रेलमध्ये वाचून. बोटं कागदावर आणि आवाज माइकमध्ये, ऐकणाऱ्याला काही वेगळं कळतसुद्धा नाही. पण आम्हाला फक्त अपंगत्वाच्या विषयावर बोलायला बोलावू नका, मला क्रिकेटवर आणि बजेटवरही बोलायचंय. हे बाकी सगळ्या गटांनाही लागू आहे. अल्पसंख्य समाजातली रिपोर्टर म्हणजे फक्त दंगल आणि सणांच्या बातम्या करणारी, असं होता कामा नये.

पहाटेचं_बुलेटिन:
सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं प्रिंट काढून ठेवलंय. असं ठरवतेय की माझ्या बुलेटिनची मोजणी सोमवारपासून सुरू करायची, गेल्या वर्षाचे शिफ्टचे चार्ट काढून रात्रपाळ्या मोजायच्या, आणि पुढच्या मीटिंगला खरेदीवाल्यांना बोलवायचं. @ब्रेल_आणि_बूम, टेंडरचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तुमच्याशी वेगळं बोलायला आवडेल.

एक शेवटचं विचारते. एचआरला प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्यायचाय, धर्म, भाषा, अपंगत्व सगळं. लोक घाबरतायत, कॉन्ट्रॅक्टवाले तर जास्तच. भरायला लावायचा का?

कंट्रोलरूम_वाली:
लावायचा नाही. कॅनडात समान रोजगाराचा कायदा आहे, तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेलाही तो लागू आहे, त्यात बायका, मूलनिवासी, अपंग आणि वांशिक अल्पसंख्य असे चार गट धरलेत, पण तिथेही आपण अमुक गटातले हे सांगणं ऐच्छिकच आहे आणि जो स्वतः सांगेल किंवा संमती देईल तोच त्या गटात मोजला जातो. आकडा थोडा कमी येतो, येऊ दे. फॉर्मवर ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा, कागद शिफ्ट लावणाऱ्या माणसाच्या हातात जाणार नाही हे लेखी द्या, आणि एखाद्या डेस्कवर त्या गटातली एक-दोनच माणसं असतील तर त्या डेस्कचा आकडा वेगळा छापू नका, नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

स्टुडिओ_तीन:
याला जोडून, सोडून जाणाऱ्यांनाही विचारा. २००१ मध्ये ग्रेग डाइक बीबीसीचे महासंचालक होते, व्यवस्थापनात ९८ टक्क्यांहून जास्त लोक गोरे आहेत हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि त्याच वेळी हेही सांगितलं की वेगळ्या पार्श्वभूमीची माणसं येतात पण टिकत नाहीत, बरीच निघून जातात. भरतीच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही. राजीनामा दिलेल्या माणसाशी त्याच्या बॉसनं नाही, दुसऱ्याच विभागातल्या कुणीतरी बोलायचं, आणि लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी फोन करायचा, तोवर त्याचं शेवटचं पेमेंट जमा झालेलं असतं आणि तो मोकळेपणानं बोलतो.