आभाळ उजळ, जमीन काळी: निसर्गफोटो एडिट करतानाचे तुमचे अनुभव

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्याच्या काठावर बसून मावळतीचे साठेक फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिले, तर ज्यात काठावरचं गवत दिसतंय त्यात आभाळ पांढरंफटक, आणि ज्यात ढगांचे रंग आलेत त्यात कातळ काळाठिक्कर. तिथे बसलो होतो तेव्हा डोळ्यांना दोन्ही दिसत होतं, म्हणून जास्तच हळहळ वाटली.

पंधरा दिवस रोज रात्री हेच फोटो घेऊन बसलोय. एक गोष्ट पक्की कळली. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, अंधारातलं बरंच काही सापडतं. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटोत, प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पण सेन्सरवर जे पूर्ण पांढरं होऊन गेलं, ते कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. तिथे आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्यामुळे आता मी हिस्टोग्रामच्या (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) उजव्या, उजळ कडेवर नजर ठेवून आभाळापुरतंच एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश, देतो. पुढची पायरी मात्र अजून जमत नाही. गडद भाग उजळवणारा शॅडोचा स्लायडर 100 वर नेला की कातळ दिसतो, पण फोटो संध्याकाळचा वाटतच नाही. तुम्ही काय करता? एखादा ठरावीक फोटो घेऊन सांगितलंत तर फार मदत होईल.

नाशिकहून

तैलबैलाच्या दोन भिंतींचा फोटो. आभाळ गडद करायला वरून खाली ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारी, फोटोच्या ठरावीक भागापुरती निवड) ओढला, आभाळ सुरेख झालं. दोन दिवसांनी पाहिलं तर भिंतींचा वरचा अर्धा भाग शाई ओतल्यासारखा. ग्रेडियंटला भिंत कुठली आणि आभाळ कुठलं ते काय कळणार! आता त्याच मास्कमध्ये ब्राइटनेसची रेंज लावते, म्हणजे फक्त उजळ भागच पकडला जातो. कडेला 100 टक्के झूम करून बघाच. डोंगराच्या रेषेला पांढरी किनार आली असेल, तर हात जरा आवरता घ्या.

सांगलीहून

मी 1980 च्या दशकात घरातल्या मोरीत डार्करूम केली होती. हाच प्रश्न तेव्हाही होता. निगेटिव्हमध्ये आभाळ दाट असायचं, त्यामुळे कागदावर ते कोरं राहायचं. मग अख्ख्या फोटोला बारा सेकंद प्रकाश दिला, की जमिनीवर पुठ्ठा धरून आभाळाला आणखी आठ-दहा सेकंद द्यायचे. जमिनीतलं एखादं झाड फार काळं पडत असेल, तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर धरायची. पुठ्ठा एका जागी स्थिर धरला की कागदावर सरळ रेघ उमटे, म्हणून तो सतत हलवत राहायचा. एका प्रिंटसाठी पाच-सहा कागद वाया जात, आणि कागद महाग होता. लाल दिव्यात ट्रेमधल्या पाण्यासारख्या द्रवात ढग हळूहळू उमटताना बघितला, की तो खर्च विसरायला होई.

तुमच्या मास्कचा फेदर, म्हणजे विरत जाणारी कड, हा तो हलणारा पुठ्ठाच. दुवा त्याही मागे जातो. 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत असे. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर निळा प्रकाश फार चटकन उमटायचा, त्यामुळे आभाळ नेहमी कोरं निघे. त्याने समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह घेऊन क्षितिजावर जोडून काही प्रिंट केले. म्हणून दोन एक्स्पोजर जोडणं म्हणजे फसवणूक असं कोणी म्हटलं, की मला ते पटत नाही.

जुन्नरहून

वरच्या काकांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. नाणेघाटाच्या गुहेत आत बसून बाहेरचं कोकण टिपायचं होतं. आत मिट्ट काळोख, बाहेर दुपारचं ऊन. एका फोटोत हे मावणं शक्यच नव्हतं. ट्रायपॉड नव्हता, कॅमेरा सॅकवर टेकवला आणि तीन फोटो घेतले: 1/1000, 1/125 आणि 1/15 सेकंदाचे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एचडीआर मर्जने (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणाऱ्या सोयीने) जोडले. दगडाचा पोत आला, दरीही आली. फक्त तोंडाशी वाऱ्यावर हलणारं गवत तिन्हींत वेगळ्या जागी होतं, त्याच्या भुतासारख्या पुसट दुहेरी आकृत्या झाल्या. तेवढ्यापुरता मधला एकच फोटो मास्कने वर ठेवला.

वेंगुर्ल्याहून

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. आभाळावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढते, मग फोटो घेते. एडिटमध्ये शॅडो अगदी थोडी. जास्त केली की इथला लाल चिरा नारिंगी दिसायला लागतो, आणि मला माझा गाव तसा नको. पावसाळ्यातलं सपाट पांढरं आभाळ असेल तर त्याच्यावर मेहनत घेत नाही, कापूनच टाकते.

ॲरिझोनाहून

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून पहाट टिपली. उन्हाचा पट्टा फक्त वरच्या कड्यांवर, खाली सगळं निळसर काळं. मी हौसेने दरीतला प्रत्येक खडक उजळवला. बायकोने बघितलं आणि विचारलं, "एवढी खोल दरी सपाट कशी झाली?" तिचं बरोबर होतं. खोली सावलीमुळे कळत होती, तीच मी पुसली होती. आता आधी ठरवतो की कुठला भाग काळाच राहील, आणि मग स्लायडरला हात लावतो.

ठाण्याहून

रात्री स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून एडिट करू नका. मी तसं करून 12 बाय 18 ची प्रिंट काढली, पुढचं सगळं शेत काळं आलं. आता स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवतो आणि आधी छोटी प्रिंट काढून उन्हात बघतो.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री सूर्य बुडाल्यानंतरचा फोटो पुन्हा उघडला. शॅडो 100 वरून 30 वर आणली, काठाचा कातळ काळाच ठेवला आणि आभाळावर रेंज लावलेला मास्क टाकला. डाव्या कोपऱ्यात आमच्या तंबूतल्या टॉर्चचा पिवळा ठिपका आहे. आधीच्या उजळवलेल्या फोटोत तो गवतात हरवला होता. आता त्याच्या आसपासचा नॉइज, म्हणजे अंधारातले रवाळ ठिपके, कसा कमी करायचा, तेवढं कोणीतरी सांगा. स्लायडर ओढला की ठिपक्याची कडच पुसट होते.