रावळगावचा पत्र्याचा जुना डबा: कोणत्या सालचा, आणि गंज कसा काढायचा?

प्रश्न (लातूर)
भंगारात चॉकलेटचा छापील पत्र्याचा डबा मिळाला. इंग्रजीत ‘रावळगाव’, वजन ५ पौंड, पत्त्यात नाशिक जिल्हा, बॉम्बे स्टेट. विकणारा ‘ब्रिटिशांच्या काळातला’ म्हणतो. तळाला गंज आहे. चिंचेनं घासला तर चालेल का?

उत्तर (नांदेड)
चिंच, लिंबू, राख, काहीच लावू नका. चिंचेतलं आम्ल छपाईच्या कडेतून आत शिरतं आणि रंगाचा पापुद्राच सुटतो. शिवाय धुतल्यावर तळाच्या दुमडलेल्या सांध्यात ओल राहते, म्हणजे गंज परत आलाच.

धूळ मऊ ब्रशनं झाडा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी २०० मिली, त्यात द्रव साबणाचे २ थेंब. कापूसकाडी नुसती ओलसर करून आधी तळाजवळच्या कोपऱ्यात फिरवून बघा. कापसाला रंग लागला तर तिथंच थांबा, पुढं कोरडंच पुसा. गंजावर शिलाई मशीनचं तेल १० मिनिटं ठेवून ०००० नंबरच्या स्टील वूलनं हलकं घासा, पण फक्त बिनछपाईच्या जागी. तेल पूर्ण टिपून घ्या. डबा पंख्याखाली वाळवा. लातूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलात तर पत्रा तापून रंग तडकेल.

उत्तर (परभणी)
सालाबद्दल. ‘बॉम्बे स्टेट’ हे नाव २६ जानेवारी १९५० ते ३० एप्रिल १९६० एवढंच चाललं, त्याआधी ‘प्रॉव्हिन्स’ होतं. म्हणजे ब्रिटिश काळ बाद. वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ रावळगावची साखर कंपनी काढली १९३३ साली, गोळ्या सुरू झाल्या १९४२ पासून. त्यामुळं त्यांचा खरोखरचा ब्रिटिशकालीन डबा १९४२ ते ४७ एवढ्याच काळातला असू शकतो. भाव छापलेला असेल तर बघा: आण्यात असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘नये पैसे’ असतील तर नंतरचा.

आणि आपल्याकडं गोळीलाही चॉकलेटच म्हणतात म्हणून सांगतो, रावळगावची ओळख साखरेच्या गोळ्यांची, कोकोची नव्हे. पान पसंद, मँगो मूड त्यांचेच. २०२४ मध्ये हे ब्रँड रिलायन्सनं २७ कोटींना घेतले.

उत्तर (बीड)
एक दुरुस्ती. छापलेला पत्रा संपेपर्यंत वापरायची रीत असते, त्यामुळं पत्त्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठामपणे म्हणता येतं. झाकण दुसऱ्याच डब्याचं नाही ना, तेही ताडून बघा. दोन्हीकडच्या पिवळ्या-लाल रंगाची छटा उन्हात जुळते का, तपासा. आत दुकानदारानं पेन्सिलीनं खरडलेला भाव किंवा उर्दूतली चिठ्ठी सापडली तर पुसू नका, डबा कुठं विकला गेला याचा तोच पुरावा.

प्रश्नकर्ता
आत मेणकागदाची ७-८ वेष्टनंही आहेत, चुरगळलेली. इस्त्री फिरवू?

उत्तर (नांदेड)
अजिबात नको. मेण वितळून छपाई इस्त्रीलाच चिकटेल. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत घालून जड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवा. नंतर पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पीव्हीसीच्या नको; ते कालांतरानं चिकट होतं आणि शाई ओढून घेतं.