कमी खर्चातलं शॅबी शिक घर: तुमचे अनुभव सांगा

आमचं घर पुण्यात सहकारनगरला, 2 बीएचके, बिल्डिंग जुनी. दिवाळीच्या आत हॉल आणि एक बेडरूम शॅबी शिक करायचं ठरवलंय आणि बजेट सगळं धरून 15 हजार. एका ठिकाणी चौकशी केली तर नुसत्या एका कन्सोल टेबलचे, म्हणजे भिंतीलगत ठेवायच्या अरुंद टेबलचे, 22 हजार सांगितले, म्हणजे नवं लाकूड घ्यायचं, त्याला रंग द्यायचा आणि मग तो खरवडून जुनं दाखवायचं त्याचे हे पैसे. आणि इकडे आमच्या माळ्यावर आजीचं जाळीचं फडताळ पडलंय ज्याचा रंग गेली 40 वर्षं आपोआप उडतोय. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की ज्यांच्या घरात खरोखरच जुनं सामान आहे त्यांनी जुनेपणा विकत का घ्यायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शॅबी शिक म्हणजे पांढरा, सायीचा, फिका गुलाबी असे रंग, कडांना रंग उडून खालचं लाकूड दिसणारं फर्निचर, फुलाफुलांची आणि धुऊन धुऊन मऊ झालेली सुती कापडं. रेचेल अ‍ॅशवेल या बाईंनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला याच नावाचं दुकान काढलं आणि तिथून हे नाव सगळीकडे गेलं. जुन्या बाजारातलं फर्निचर आणि धुता येणारी सैल कव्हरं हाच त्यांचा पाया होता, म्हणजे मुळात हा प्रकार काटकसरीचाच आहे.

तर ज्यांनी पुण्यात हे स्वतः केलंय त्यांनी लिहा. काय जमलं, काय फसलं, किती पैसे गेले, सगळं. फडताळाला हात लावायच्या आधी मला ऐकायचंय.

*

मी केलंय, एक साइड टेबल, दोन खुर्च्या आणि एक आरसा. आधी रंगाचं सांगते कारण सगळे तिथेच अडकतात. याला लागतो तो चॉक पेंट, ब्रिटनच्या अ‍ॅनी स्लोन यांनी 1990 मध्ये काढला, खडूसारखा मॅट दिसतो आणि लाकूड फारसं न घासता बसतो. पण तयार डबा महाग पडतो म्हणून मी घरी केला. साधा पांढरा इमल्शन, म्हणजे भिंतीला देतात तो पाण्यात मिसळणारा रंग, 3 वाट्या, प्लास्टर ऑफ पॅरिस 1 वाटी. पीओपी आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि मग रंगात घालायचं, थेट रंगात टाकलं तर दाणे राहतात. आणि एका वेळी एका वस्तूपुरताच करा, माझा पहिला अख्खा डबा फोन घ्यायला गेले तेवढ्यात घट्ट झाला आणि फेकून द्यावा लागला.

उडालेला रंग हवा असेल तर जिथे रोज हात लागतो, म्हणजे कडा, कोपरे, खणाची मूठ, तिथे देवघरातली साधी मेणबत्ती घासायची, वरून रंग द्यायचा आणि वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच पुसायचं. मेणावर रंग धरत नाही त्यामुळे तेवढाच निघतो. पाठीवर आणि मधोमध अजिबात घासू नका, तिथे कुणाचा हात जात नाही मग रंग कसा उडेल? तिथेच खोटेपणा कळतो. शेवटी मेणाचं पॉलिश द्याच, नाहीतर पहिल्याच दिवशी चहाच्या कपाचं गोल बसतं ते जात नाही. सगळ्या वस्तूंना मिळून मला 900 रुपये लागले.

*

ताई, पावसाळ्याचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. मी जुलैत कपाट रंगवलं, वारजेला राहतो, पश्चिमेची भिंत. रंग वाळला असं वाटून मेण लावलं आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं तर गणपतीपर्यंत मागच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके. आत ओल राहिली होती आणि वरून मेणाने ती कोंडली. मग सगळं घासून ऑक्टोबरच्या उन्हात परत केलं आणि आता भिंतीपासून चार बोटं लांब ठेवते. दिवाळीच्या आत करायचं म्हणता तर पाऊस उघडेपर्यंत थांबा, हातात पंधरा दिवस मिळाले तरी पुरतात.

*

आम्ही तिघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कर्वेनगर. खिळा ठोकायचा नाही, भिंत रंगवायची नाही, मालकांनी आधीच सांगितलेलं. मग जे केलं ते सगळं उचलून नेता येईल असं केलं.

मे महिन्यात मार्केट यार्डातून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, 30 रुपयाला एक, 11 पेट्या. आतला पेंढा काढून दोन दिवस उन्हात टाकल्या. पट्ट्या पातळ असतात आणि खिळ्यांची टोकं आत बाहेर आलेली असतात ती हातोडीने वाकवून घ्या, माझ्या मैत्रिणीचा तळहात चांगलाच फाटला. मग वर सांगितलाय तोच घरचा रंग, पातळ एकच हात, खालची आंब्याची छापील अक्षरं पुसट दिसतील इतपत. आडव्या उभ्या रचून सुतळीने बांधल्या की पुस्तकांचं शेल्फ तयार, मात्र जाड पुस्तकं खालच्या रांगेतच ठेवायची.

पडदे मांजरपाटाचे. मीटरने घेतलं आणि आधी गरम पाण्यात धुतलं कारण मांजरपाट आटतं, मग चहाच्या उकळलेल्या पाण्यात मीठ टाकून तासभर बुडवलं तर इतका सुंदर जुन्या कागदासारखा रंग आला की विकतच्या लिननला मी तरी बघणार नाही. खाली एकीच्या आईच्या फुलाफुलांच्या वॉयल साडीची झालर. सोफ्यावर गोधडी टाकली, आजीने तिच्या विरलेल्या लुगड्यांची शिवलेली, सगळ्या घरात तीच सगळ्यात छान दिसते.

*

फडताळाला हात लावायच्या आधी ऐकायचंय असं म्हणालात म्हणून थोडं कडक लिहितो, राग मानू नका. माझे वडील कसब्यात पॉलिशचं काम करायचे, मी लहानपणी त्यांच्या हाताखाली चपडा लाख, म्हणजे पॉलिशसाठीच्या लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजवायचो. चांगल्या सागवानाला पांढरा रंग फासलेला बघितला की मला त्रास होतो. एकदा सागाच्या रेषांत रंग शिरला की तो पूर्ण निघत नाही.

आधी ओळखा. कुठेतरी न दिसणाऱ्या जागी, खणाच्या खाली किंवा मागे, चाकूने नखभर खरवडा. साग असेल तर सोनेरी तपकिरी दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल आणि चामड्यासारखा वास येईल. देवदार किंवा साधं खोक्याचं लाकूड असेल तर फिकट आणि हलकं, ते रंगवा, प्लायवुड तर खुशाल रंगवा. सागाला मात्र नुसतं ओल्या फडक्याने पुसून लाखेच्या स्पिरिट पॉलिशचा एक पातळ हात द्या, ओरखडे आहेत तसे राहू द्या. आणि कुणाला सागावर पांढरा द्यायचाच असेल तर खाली लाखेचा एक हात घ्या, नाहीतर लाकडाचा पिवळा डाग महिन्याभरात वर येतो, ज्याचा दोष लोक रंगाला देतात.

*

काकांचं पटलं. माझा अनुभव वेगळा आहे पण काळजीचा म्हणून लिहिते. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा मी एक खिडकी मागून घेतली, गज आणि दारं सगळ्यासकट, आरशाची चौकट करायची म्हणून. त्यावर हिरव्या ऑइल पेंटचे किती थर होते देव जाणे. मी बाल्कनीत बसून कोरडाच पॉलिशपेपर मारायला लागले, शेजारी दीड वर्षाचा मुलगा खेळतोय. वहिनी केमिस्ट्री शिकवते, तिने येऊन हातातून पेपर काढून घेतला.

जुन्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या हिरव्यामध्ये, शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे वाड्यातला रंग त्याच्या किती आधीचा. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला वाईट. आम्ही सगळी बाल्कनी ओल्या फडक्याने तीनदा पुसली, मुलाला आईकडे पाठवलं, आणि मग पाणी लावून ओलाच पेपर, चांगला मास्क, खाली प्लास्टिक, फक्त सुटलेले पापुद्रे काढले आणि वरून रंगहीन व्हार्निश देऊन बाकीचा रंग आत बंद केला. खिडकी आता आमच्या हॉलमध्ये आहे, मागे आरसा, आणि ज्या गजाला धरून आजोबा रस्ता बघत बसायचे तिथे रंग हाताने झिजलेला आहे, तेवढा भाग मी व्हार्निश लावतानाही घासला नाही.

*

छोटंसंच. ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवला तेव्हा मिस्त्री तो फोडून नेणार होते, तो ठेवून घेतला आणि आईच्या शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर टाकला. खर्च फक्त कापायचे 250 रुपये. उचलायला दोन माणसं लागतात आणि लिंबू सांडलं तर लगेच पुसा, कडप्प्यावर पांढरा डाग पडतो. वर लोणच्याची जुनी बरणी, तिच्यात निशिगंध.

*

धागा काढला तीच मी. सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल फडताळ माळ्यावरून उतरवलं, मागे खरवडून बघितलं तर काका म्हणाले तसंच, दारांच्या चौकटी सागाच्या आणि पाठीमागच्या फळ्या देवदाराच्या. आता चौकटींना नुसतं लाखेचं पॉलिश आणि आतल्या फळ्यांना सायीचा रंग असं करणार. वरचा जुना निळा रंग ओल्या पेपरनेच, लेकीला बहिणीकडे पाठवून.

आतल्या फळीवर आजीने पेन्सिलने दुधाचा हिशोब लिहिलाय, तारखेसकट, शेवटचा आकडा 1983 चा. ती एक फळी तशीच ठेवायचीय. पेन्सिलवर लाखेचं पॉलिश दिलं तर अक्षर फिसकटेल का? कुणी केलं असेल तर रविवारच्या आत सांगा, रविवारी जुन्या बाजारात जाऊन मुठी आणते आणि लगेच काम सुरू करणार आहे.

*

ब्रशने देऊ नका, ब्रश फिरला की अक्षर पुसटतं. मऊ सुती चिंधीत कापूस गुंडाळून बोळा करा, पॉलिशमध्ये बुडवून पिळून घ्या आणि अक्षरावर नुसता टेकवा, घासायचं नाही. वाळलं की परत एकदा. आधी दुसऱ्या फळीवर तुमच्या हाताने पेन्सिलीने काहीतरी लिहून करून बघा. आणि झाल्यावर फोटो टाका.