डेबियन १२ केल्यावर ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब

प्रश्न:
लॅपटॉपच्या एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि डेबियन (लिनक्स) आहे. डेबियन ११ चं १२ केलं आणि ग्रबमधली (लॅपटॉप सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅममधली) विंडोजची ओळ गेली. यूईएफआयच्या (मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या) बूट मेनूतून विंडोज नीट सुरू होतं. पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल का?

उत्तर १:
अजिबात नको. डेबियन १२ मध्ये ग्रब २.०६ आहे आणि या आवृत्तीपासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. तो रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) हक्कांनी बाकीची पार्टिशनं (डिस्कचे भाग) उघडून बघतो, सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचं. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला. ती आधीच असेल तर पुढचं # काढा. मग सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा चालवा. 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' असं उमटलं की झालं. नाही उमटलं तर ओएस-प्रोबर पॅकेज आहे का ते बघा.

उत्तर २:
एकच विंडोज असेल तर प्रोबर बंदच राहू द्या, नोंद हाताने करा. /ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम मध्ये, आधीच्या ओळी तशाच ठेवून, शेवटी मेन्यूएंट्री लिहा. तिच्यात पार्ट_जीपीटी, फॅट आणि चेन ही मॉड्यूल्स, मग सर्च --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट आणि ईएफआय पार्टिशनचा (बूटच्या फाइली असलेल्या भागाचा) यूयूआयडी म्हणजे ओळखक्रमांक, शेवटी चेनलोडर /ईएफआय/मायक्रोसॉफ्ट/बूट/बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय. यूयूआयडी सुडो ब्लकआयडी ही आज्ञा देते. बहुतेकांची चूक इथेच होते: विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनचा किंवा लांबलचक पार्टयूयूआयडी उचलतात. आपल्याला हवा तो फॅट३२ वाला, चार-चार अक्षरांचा, मध्ये एक आडवी रेघ. नंतर अपडेट-ग्रब विसरू नका.

उत्तर ३:
आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे का ते बघा. ग्रबमार्गे विंडोज सुरू केल्यावर बूटची साखळी बदलते, टीपीएम (किल्ली सांभाळणारी चिप) किल्ली सोडत नाही आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय यातलं काहीही करू नका. तरीही दरवेळी मागत असेल तर विंडोज थेट यूईएफआयच्या मेनूतूनच सुरू करा.

प्रश्नकर्ता:
पहिल्या उपायाने ओळ आली, बिटलॉकर बंदच होतं. आता विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतंय.

उत्तर १:
डेबियन मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तेच स्थानिक वेळ समजून वाचतं. डेबियनमध्ये सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ चालवा. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही (पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर त्याचं पार्टिशन डेबियनमध्ये फक्त वाचण्यापुरतंच उघडेल.